मोटारीला आयुष्य किती?

दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालून झाली, चाकाखाली लिंबू ठेवून झाले, की घरोघरी एक चर्चा सुरू होते आणि ती दिवाळीच्या पाडव्यापर्यंत चालते. गाडी आता जुनी झाली. यंदा पाडव्याला नवी घ्यावी काय? मुलांचे मत आधीच ठरलेले असते. गृहिणी हिशेबाची वही काढते. आजोबा म्हणतात, "चांगली चालते की! काय झालंय तिला?" आणि ज्यांना कोणी विचारलेले नसते असे शेजारी येऊन सांगतात, की पंधरा वर्षे झाली म्हणजे मोटार संपली.

या साऱ्या गडबडीत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. मोटारीचे आयुष्य असते तरी किती? ते कशाने वाढते, कशाने घटते? आणि ते संपत आले हे ओळखावे कसे?

मी बीडचा राहणारा, पेशाने वकील. मोटारीच्या यंत्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण कोर्टाच्या तारखांपायी माजलगाव, केज, अंबाजोगाई, आष्टी, पाटोदा अशी तीस वर्षे मी मोटारीतूनच हिंडलो आहे. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून होती. आमच्या बीड शहराला ती मिळाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरकडे पहिली गाडी निघाली तेव्हा. तोपर्यंत आमचा सारा भार एस. टी.वर, जीपवर आणि मोटारीवर. रात्री-अपरात्री रोग्याला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे असो की सव्वाशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला, दारची मोटार पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे. त्यामुळे गाडीच्या प्रकृतीकडे आमचे लक्ष जरा जास्तच असते. त्यातून धूळ, ऊन, क्षाराचे पाणी आणि घाट अशी मोटारीची चारही दुखणी आमच्या जिल्ह्यात एकत्र नांदतात. मोटार कशाने मरते आणि कशाने तरते हे पाहावयाचे तर याहून चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही.

कागदावरचे वय

पंधरा वर्षांचा आकडा आला कोठून? तो कायद्यातून आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. मुदत संपली की गाडी आरटीओत नेऊन दाखवावयाची. ती ठीक आहे असे ठरले तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते आणि पुढेही दर पाच वर्षांनी तसेच करता येते. म्हणजे पंधराव्या वर्षी कायदा गाडीची तपासणी मागतो, तिचे तेरावे घालत नाही.

मात्र म्हातारपण स्वस्त राहिलेले नाही. पूर्वी या नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी ती ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपये ठरली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. दिल्लीचा प्रकार वेगळा आहे. तेथील हवेची दुर्दशा पाहून २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी केली. तिच्यावरचा वाद २०२५ मध्येही कोर्टात चालूच होता. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासचा. पण ती बातमी वाचून आमच्याकडच्या काही मंडळींनी धडधाकट गाड्या पडत्या भावाने काढून टाकल्याचे मी पाहिले आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, जिला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, तिची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची मुदत भरली आणि मुंबईच्या रस्त्यावरून त्या जातीची टॅक्सी नाहीशी झाली. तिला यंत्राने निरोप दिला नाही, तारखेने दिला.

आकड्यावरचे वय

कागद बाजूला ठेवला तर दुसरे माप किलोमीटरचे. ज्यांनी जुनी अँबेसिडर किंवा फियाट वापरली त्यांना आठवत असेल, की त्या काळच्या कित्येक गाड्यांच्या मीटरवर पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य! एक लाखाच्या आसपास, कधी त्याआधीच, इंजिन उघडावे लागे. सिलिंडर बोअर करून आणायचे, नवे पिस्टन, नव्या रिंगा बसवायच्या. घरातल्या माणसाचे ऑपरेशन असावे तशी त्याची चर्चा चाले. मग गाडीचा दुसरा जन्म सुरू होई.

आजच्या गाडीचे तसे नाही. धातू सुधारले, यंत्रावरची कापणी बारीक झाली, तेले चांगली झाली. कार्बुरेटर जाऊन पेट्रोल मोजून फवारणारी व्यवस्था आली. जुन्या गाडीत सकाळी चोक ओढला की जास्तीचे पेट्रोल आत जाई आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेलच धुऊन टाकी. ते आता थांबले. नीट राखलेले साध्या पेट्रोल गाडीचे इंजिन आज दोन-अडीच लाख किलोमीटर सहज जाते आणि चांगले डिझेल इंजिन त्याच्याही पुढे.

आता एक साधा हिशेब करून पाहा. शहरातल्या कुटुंबाची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली असे धरा. पंधरा वर्षांत झाले दीड लाख. म्हणजे शेजारी जिला "संपली" म्हणतात त्या गाडीच्या इंजिनाचे निदान एक चतुर्थांश आयुष्य अजून शिल्लक असावयास हवे. तरीही पंधरा वर्षांच्या कित्येक गाड्या खरोखरीच संपलेल्या असतात. असे का व्हावे?

याचे उत्तर देणारा एक शाळामास्तर अमेरिकेत होऊन गेला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे आयर्व्ह गॉर्डन विज्ञान शिकवीत. १९६६ मध्ये त्यांनी व्होल्व्हो कंपनीची लाल रंगाची एक गाडी घेतली. शाळेला जाऊन येऊन त्यांना रोज सव्वाशे मैल पडत. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच गाडीने तीस लाख मैल पुरे केले; आपल्या हिशेबाने अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर! पहिले जवळजवळ अकरा लाख किलोमीटर इंजिन उघडावे लागले नव्हते. गॉर्डन २०१८ मध्ये वारले. त्यांना लोक गुपित विचारीत. गाडीसोबत जे पुस्तक मिळते त्यात लिहिल्याप्रमाणे वेळच्या वेळी सारे करावयाचे, हेच त्यांचे उत्तर असे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची मर्सिडीज शेहेचाळीस लाख किलोमीटर चालविली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. त्याने इंजिने मात्र अनेकदा बदलली होती. क्यूबात १९५९ च्या क्रांतीपूर्वी आलेल्या अमेरिकन मोटारी नव्या गाड्या मिळेनात म्हणून लोकांनी दुसऱ्या गाड्यांची इंजिने बसवून चालू ठेवल्या.

दोन गाड्या

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. बार्शी नाक्याजवळ माझ्या गाडीचे काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. एके दिवशी त्यांच्या गॅरेजात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक आमच्या गल्लीतल्या ड्रायव्हरची. रोगी, वऱ्हाडी, विमानाचे प्रवासी, जे मिळेल ते घेऊन तो संभाजीनगर आणि पुणे करतो. नऊ वर्षांत त्याचे चार लाख वीस हजार किलोमीटर झाले होते. दुसरी माझ्या दूरच्या नात्यातल्या एका गृहस्थांची. सात वर्षांत अवघे सव्वीस हजार. बाहेरून आरशासारखी चकचकीत. पावसात काढायची नाही, मुलांनी आत काही खायचे नाही, अशी जपलेली.

चाचांनी दोन्ही गाड्यांच्या इंजिनावरची झाकणे काढून मला आत पाहावयास सांगितले. चार लाखवालीचे आतले लोखंड तेलाने माखलेले, सोनेरी, स्वच्छ. सव्वीस हजारवालीच्या आत काळाकुट्ट चिखल साचलेला, बोटाने खरवडावा असा.

"चाचा, असं कसं?" मी विचारले.

"वकीलसाहेब, गाडी म्हातारी होत नाही, तिला म्हातारी करतेत," चाचा म्हणाले. "ही रोज सकाळी निघती, गरम होती आन् शंभर किलोमीटर एका दमात पळती. तिचं तेल दर दहा हजाराला बदलतंय. आन् ही? भाजी मंडई ते घर. घर ते शिकवणी. इंजिन तापायच्या आत बंद. साहेब म्हणले, दहा हजार किलोमीटर कुठं झालेत, मग तेल कशाला बदलायचं? तीन वर्षं तेच तेल!"

यातले शास्त्र असे. रात्रभर उभ्या इंजिनातले तेल खाली तळाशी उतरते. सकाळी चावी फिरविल्यावर ते पुन्हा वर पोहोचेपर्यंतच्या काही क्षणांत धातूवर धातू घासतो आणि इंजिन थंड आहे तोवर झीज जास्तच होते. शिवाय थंड इंजिनात पेट्रोलची व पाण्याची वाफ तेलात उतरते. इंजिन नीट तापले तर ती उडून जाते. दोन किलोमीटरवर गाडी बंद केली तर तशीच राहते आणि रोज थोडी थोडी साठत तेलाचा चिखल करते. म्हणून कंपनीचे पुस्तक "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असे सांगते. आपण त्यातला अर्धाच भाग वाचतो.

ज्यांची गाडी गावातल्या गावातच फिरते त्यांनी आठवड्यातून एकदा तरी तिला पंधरा-वीस किलोमीटरचा मोकळा फेरा द्यावा. २०२० नंतरच्या नव्या नियमांच्या डिझेल गाडीला तर हे अवश्यच आहे. तिच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ होण्यास सलग वेगाची धाव लागते, नाही तर जाळी तुंबते आणि ती बदलण्याचा खर्च भारी पडतो. काही मंडळी सकाळी गाडी दारातच पाच-दहा मिनिटे नुसती चालू ठेवतात. आजच्या गाडीला त्याची गरज नाही. सुरू करून थोड्या वेळाने निघावे आणि पहिले दोन-चार किलोमीटर सावकाश हाकावी.

धूळ, ऊन, पाणी, घाट

आता आमच्या जिल्ह्याच्या दुखण्यांकडे वळू. एक लिटर पेट्रोल जाळावयास इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा आत ओढते. आमच्याकडे मार्गशीर्षापासून उन्हाळ्यापर्यंत ही हवा कशी असते? काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी लागली की पुढची काचही दिसत नाही. परळीकडे औष्णिक वीज केंद्राची बारीक राख. या धुळीतले कण वाळूचे, धातूला खरवडणारे. त्यांच्या आणि पिस्टनच्या मध्ये फक्त एक कागदी जाळी उभी असते: एअर फिल्टर, किंमत काही शे रुपये. पुण्या-मुंबईच्या गाडीला ती ज्या अंतराने बदलतात त्याच्या निम्म्या अंतराने आमच्याकडे बदलावी, असे चाचांचे सांगणे. कंपनीच्या पुस्तकातही धुळीच्या प्रदेशासाठी निराळी, लवकरची मुदत दिलेली असते. ते बारीक अक्षरातले पान वाचावे.

पाण्याची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आले. आमच्याकडे जनावरे चारा-छावण्यांत आणि माणसे टँकरच्या रांगेत होती. अशा वेळी रेडिएटरला चांगले पाणी कोण देणार? बोअरचे जे मिळेल ते लोक ओतीत. आंघोळीच्या बंबात पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. पुढच्या मे महिन्यात, पारा बेचाळिसाला टेकला असताना, घाट चढताना इंजिन उकळते. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकडे झाले, गॅस्केट फुटले, की पन्नास रुपयांच्या पाण्याची बचत हजारोंच्या घरात जाते. कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी, एवढेच रेडिएटरला चालते. काटा लाल रेषेकडे सरकू लागला तर "आता आलंच गाव" म्हणू नये. तेथेच थांबावे, आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.

उन्हाने बॅटरी लवकर जाते, रबर कडक होते. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात ब्रेकची परीक्षा होते. जुने ड्रायव्हर सांगत, की ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा. हे वेडेपणाचे नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ब्रेक तापतात, आणि ब्रेकच्या तेलात वर्षानुवर्षे मुरलेला ओलावा उकळून ऐन वळणावर पाय रिकामा खाली जातो. ते तेल दोन वर्षांनी बदलावयाचे असते, हे किती घरांत ठाऊक आहे?

एका बाबतीत मात्र बीडकरांनी देवाचे आभार मानावेत. आमची हवा कोरडी आहे. कोकणात आणि मुंबईत खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस गाडीचा पत्रा खालून खातो; इंजिन ठणठणीत आणि तळ कुरतडलेला, अशी अवस्था होते. आमच्याकडच्या वीस वर्षांच्या गाडीचा तळ पुष्कळदा शाबूत असतो. म्हणून मुंबईची वापरलेली गाडी स्वस्तात मिळाली तर वरचा रंग पाहून भुलू नये. ती उचलून खालून पाहावी, दारांच्या खालच्या कडा बोटाने दाबून पाहाव्यात.

अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. या इथेनॉलचा काही भाग उसातून येतो, आणि तो ऊस तोडावयास आमच्याच जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दर हंगामात घर सोडून पश्चिम महाराष्ट्रात जातात. तेव्हा त्याच्याशी आमचे नाते जवळचे. परंतु जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. काहींचे रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागतील, हे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला तपासून घ्याव्यात आणि पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नये.

उभी गाडी आणि स्वस्त पट्टा

आमच्या गावात आणखी एक प्रकार वाढला आहे. मुलगा-सून पुण्याला, त्यांनी घेऊन दिलेली गाडी लिंबाच्या झाडाखाली, वर झूल पांघरलेली. म्हातारा-म्हातारी रोज तिच्यावरचा पाला झाडतात. त्यांना वाटते, चालत नाही म्हणजे झिजत नाही. प्रत्यक्षात उभ्या गाडीची बॅटरी महिना-दीड महिन्यात उतरते, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात आणि तेल वर्षाने जुने होतेच. टायरचेही वय असते. त्याच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. खाचा कितीही खोल दिसोत, पाच वर्षांनंतर तो दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर मुळीच वापरू नये.

आणि तो पट्टा! पुष्कळ इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा रबरी पट्टा असतो. पिस्टनची आणि वॉल्व्हची लय तो राखतो. काही इंजिनांत त्याच्या जागी साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे ते पुस्तकात पाहावे. पट्टा असेल तर तो ठरल्या मुदतीत बदलावा लागतो, कारण तो तुटण्यापूर्वी आवाज करीलच असे नाही. तुटला की कित्येक इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आपटतो आणि सारे वाकडे होते. जुन्या गाडीला हा खर्च परवडत नाही; ती भंगारात जाते. लोक म्हणतात, "इंजिन गेलं." गेला असतो पट्टा.

माझ्या पाहण्यात ज्या गाड्या अकाली गेल्या त्या बहुतेक अशाच गेल्या: कोठे फिल्टर, कोठे पाणी, कोठे तेल, कोठे पट्टा. मोठे काही नव्हते.

कधी थांबावे?

इतके वाचून कोणी म्हणेल, मग जपली तर मोटार कितीही चालवावी! तसे माझे म्हणणे नाही.

माझी सध्याची पेट्रोल गाडी २००९ च्या पाडव्याची. २०२४ मध्ये तिची पंधरा वर्षे भरली. चाचांनी तपासून तिला चांगले म्हटले आणि मी नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. त्याच सुमारास आमची मुलगी अंबाजोगाईला शिकावयास गेली. सुटीला येण्या-जाण्यासाठी गाडी तिच्याकडे ठेवावी, असा मी विचार बोलून दाखविला.

"अहो, गाडी चालेल हो," पत्नी म्हणाली. "चालण्याबद्दल मी विचारतच नाही. ट्रॅक्टरला धडकली तर काय होईल, ते सांगा."

मी कोर्टात पुष्कळ प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. याला उत्तर नव्हते. आमच्या रस्त्यांवर रात्री उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात. नव्या मोटारींना चाके न अडकता थांबविणारे एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्याची २०२२ च्या आरंभापासून. २००९ च्या माझ्या गाडीत यांतले एकही नाही, आणि कितीही तेल बदलले तरी ते येणार नाही. इंजिन किती टिकले हा एक हिशेब आणि अपघातात आतले माणूस किती सुरक्षित हा दुसरा. पहिल्यात पास झालेली गाडी दुसऱ्यात नापास होऊ शकते. आमची मुलगी एस. टी.ने येते-जाते. गाडी दिवसाउजेडी गावात आणि जवळच्या तारखांना चालते. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला तिला काढावयाची नाही, असे घरात ठरले आहे आणि ते पाळले जाते.

तेव्हा थांबण्याच्या खुणा मी अशा मानतो. सांगाड्याचा मुख्य भाग किंवा चाकांना धरणारा भाग गंजला असेल तर डागडुजी न करता गाडी मोडीत काढावी. स्टीअरिंग वा ब्रेकचा दोष पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, किंवा त्यांचे सुटे भाग अस्सल मिळेनासे झाले असतील, तर थांबावे. तेल बदलूनही निळा धूर थांबत नसेल आणि प्रदूषणाच्या चाचणीत गाडी बसत नसेल तर आपल्या काटकसरीचा धूर शेजाऱ्यांच्या मुलांनी का गिळावा? आणि सलग दोन वर्षे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक झाला, तर भावनेला आवर घालावा. मोडीत काढताना गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता सरकारमान्य केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, आणि आपल्या नावावरची गाडी उद्या कोणाच्या गैरकृत्यात सापडण्याची भीतीही राहत नाही. आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री मात्र करून घ्यावी.

एक वही

चाचांना मी एकदा सरळच विचारले होते, "माझी गाडी अजून किती चालेल?"

"मला काय विचारता साहेब? वहीला विचारा," ते म्हणाले. "तेल कधी बदललं, पट्टा कधी घातला, कूलंट कधी टाकलं, लिहिलेलं असलं तर मी सांगतो. लिहिलेलं नसलं तर अल्लाच सांगू शकतो."

तेव्हापासून माझ्या गाडीच्या कप्प्यात एक शंभर पानी वही असते. तारीख, मीटरचा आकडा, काय केले, किती पैसे लागले. एका ओळीत सारे. वर्षाला पान-दीड पान भरते. तिच्यामुळे मिस्त्रीला अंदाजाने भाग बदलावे लागत नाहीत, विकताना घेणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि खर्च कधी हाताबाहेर चालला तेही आपल्याला आधी कळते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्या पूजेत ठेवतात. यंदा त्या पूजेत मोटारीसाठीही एक वही ठेवा. पहिल्या ओळीत आजचा मीटर लिहा, आणि टायरच्या कडेवरचे ते चार आकडे वाकून वाचून दुसऱ्या ओळीत लिहा. पाडव्याला नवी गाडी घ्यावी की नाही, या वादात पुष्कळदा तेवढ्या दोन ओळीही मदत करतील.